थळ घाटांतील वजनाचा हिशेब

मुंबईहून नाशिककडे येतांना कसारा स्टेशनांत कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडतात, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. कसारा ते इगतपुरी या थळ घाटांतून 1865 सालीं आगगाडी सुरू झाली. येथील चढ सदतिसांत एक, म्हणजे सदतीस फूट पुढें जातां एक फूट वर. व एकंदर चढण सुमारें 300 मीटर. बैलगाडीची जी गोष्ट तीच आगगाडीची: घाट चढावयाचा तर प्रत्येक मणाचें मोल द्यावें लागतें.

तें मोल किती, हें आपण पाटीवर मांडून पाहूं. एक टन वजन 300 मीटर उचलण्यास सुमारें 0.82 युनिट वीज लागते. ‘वॅप-7’ जातीच्या इंजिनाचें वजन 123 टन आहे. म्हणजे तें केवळ स्वतःस घाटमाथ्यावर नेण्यास सुमारें 100 युनिटें खर्च करतें. त्यांत उतारूंचा वांटा मुळींच नाहीं!

10 फेब्रुवारी 2023 रोजीं सुरू झालेली मुंबई–शिर्डी ‘वंदे भारत’ ही वेगवान गाडी हा घाट जादा इंजिनांवांचून चढते. तिच्या मोटारी डब्यांखालींच विभागलेल्या आहेत. मोटारींनाही वजन असतेंच. तथापि चाकांस रुळांची पकड मिळावी म्हणून मुद्दाम जड इंजिन बाळगण्याचें कारण उरत नाहीं.

जपानांतील 1964 च्या अतिवेगवान गाडीचे डबे पोलादी होते व प्रत्येक आंसावर सुमारें 16 टन भार पडे. 1992 च्या गाडीचे डबे ॲल्युमिनियमचे असून हा भार सुमारें 11 टनांवर आला. भार घटला कीं रूळ व चाकें कमी झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च वांचतो.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सपाटीवर अतिवेगानें धावतांना मुख्य अडथळा हवेचा असतो, वजनाचा नव्हे. घाट उतरतांना नव्या गाड्या कांहीं वीज परत देतात. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाहून महाग. म्हणून जेथें घाट आहे, किंवा वारंवार थांबून सुटावें लागतें, तेथेंच हलकेपणाचें चीज अधिक होतें.

रोज एकदां घाट चढणाऱ्या गाडीचें वजन एक टनानें घटलें, तर त्या चढणीवर वर्षाकाठीं सुमारें 300 युनिटें कमी लागतात. हा खर्च अखेर तिकिटांतून व करांतून आपणच भरतों. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, पुढील खेपेस गाडी कसाऱ्यास थांबली, तर हा हिशेब अवश्य आठवा.