हलतं अक्षर-पोस्टर : खर्च किती, कुठे करावा, कुठे वाचवावा

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. साताऱ्या-सांगलीत उपयोजित कला शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा सरावाचा उत्तम विषय आहे. चित्र नाही, फोटो नाही. फक्त ‘मराठी रंगभूमी दिन, सांगली’ एवढी अक्षरं आणि सहा सेकंदांची हालचाल. मोबाइलवर, कॉलेजच्या पडद्यावर, नाट्यगृहाच्या दारातल्या स्क्रीनवर असं हलतं पोस्टर चालू शकतं.

हे काम महागडं आहे असं समजून बरेच विद्यार्थी मागे हटतात. लॅपटॉप हाताशी असेल तर दोन हजारांच्या आत काम भागतं. खरी गुंतवणूक अक्षरावर घालवलेल्या तासांची आहे, आणि तिथे काटकसर करू नये.

मशीन

सपाट अक्षरांच्या हालचालीला ८ जीबी रॅम पुरते. त्रिमितीत जायचं असेल तर १६ जीबी हवी. फक्त या कामासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका. कॉलेजच्या संगणक कक्षात जड रेंडर होतो. घरी रात्रभर रेंडर लावला तरी ९० वॉटचा लॅपटॉप अकरा तासांत साधारण एक युनिट वीज खातो. पेन टॅब्लेट सोयीचा असतो, पण अडीच ते पाच हजारांचा हा खर्च पुढच्या वर्षावर ढकलता येतो. कागदावर ब्रशने काढून मोबाइलने नीट उजेडात फोटो घेतला तरी चालतं.

सॉफ्टवेअर

अक्षररचनेसाठी इंकस्केप, हालचालीसाठी ब्लेंडर किंवा दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. तिन्हींचा खर्च शून्य. आफ्टर इफेक्ट्स शिकायचंच असेल तर आधी सात दिवसांची ट्रायल घ्या. मात्र कार्ड दिलं असेल तर मुदतीआधी रद्द करायची आठवण लावा, नाहीतर पैसे कापले जातात. विद्यार्थी सवलतीचा दर पहिल्या वर्षानंतर वाढतो. ‘महिन्याचे पैसे’ दिसले तरी करार वर्षाचा असू शकतो आणि मध्येच सोडल्यास दंड पडतो. अटी वाचल्याशिवाय बटण दाबू नका. क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. तिच्यासोबत व्हायरस आला तर सगळ्या वर्षाचं काम जातं.

फॉन्ट

मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. व्यावसायिक कामालाही पैसे लागत नाहीत. ‘तिरो देवनागरी मराठी’ही तसाच. पोस्टरवर ‘सांगली’ लिहिताना ‘ल’ पाहा. राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये पहिल्यांदा हिंदी वळणाचा ‘ल’ येतो. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्यावर काही फॉन्ट आपला ‘ल’ देतात. डीटीपीवाल्याकडून मजकूर घ्यायचा तर तो युनिकोडमध्येच मागा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हं होतात.

गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून एखादा शब्द लिहून घेणं हा माझ्या मते सर्वांत मोलाचा खर्च. पैसे आधी ठरवा, वापराची परवानगी लेखी घ्या आणि पोस्टरवर त्यांचं नाव द्या.

तास कुठे जातात

‘रंगभूमी’ वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात : रं, ग, भू, मी. संगणकाच्या लेखी ते सात तुकडे असतात, कारण अनुस्वार, ऊकार आणि ईकार तो वेगळे मोजतो. ‘एकेक अक्षर आणा’ असा तयार इफेक्ट लावला तर अनुस्वार मागाहून टपकू शकतो. ‘दिन’मध्ये तर आधी ‘द’ येतो आणि वेलांटी नंतर त्याच्या डावीकडे उगवते. म्हणून इंकस्केपमध्ये शब्द नीट जुळवा, त्याचे पाथ करा, अक्षरागणिक गट पाडा आणि शिरोरेषा वेगळ्या थरावर घ्या. मग रेषा आधी आखली जाईल आणि अक्षरं तिच्यावरून पडद्यासारखी खाली उलगडतील. २५ फ्रेमच्या वेगाने सहा सेकंद म्हणजे १५० फ्रेम. शेवटची फ्रेम पहिलीला जुळली की लूप तुटत नाही. पहिल्या कामाला तीस-चाळीस तास धरा.

आवाज

पोस्टर मुकं ठेवलं तर खर्चच नाही. नाट्यगीत घ्यायचं असेल तर सांभाळा : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. मित्राने वाजवलेली पेटी, त्याच्या संमतीने, सर्वांत निर्धोक. पण चाल मात्र त्याची स्वतःची किंवा हक्कमुक्त असावी.

अंदाजपत्रक (रुपयांत, अदमासे)

- सातारा-सांगली एसटी, जाऊन-येऊन : ४५० (महिलांना निम्मं)
- कागद, ब्रश, शाई : २५०
- पेंटरचं मानधन : ५००
- ए-३ रंगीत प्रिंट, चार : १६०
- पेनड्राइव्ह : ३५०
- वीज, डेटा : ५०
- एकूण : १,७६०

सांगलीला जाऊन भावे नाट्यमंदिराबाहेर पोस्टर किती अंतरावरून वाचलं जाईल हे बघून घ्या. सातारकरांना शाहू कला मंदिरासाठी काम करायचं असेल तर प्रवासाची रक्कमही वाचते.

काम मिळालं तर

नाट्यसंस्थेने असं पोस्टर मागितलं तर ‘शिकतोय, जे द्याल ते’ म्हणू नका. लागणारे तास लिहा, तासाचा दर ठरवा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. दोन दुरुस्त्या त्यात धरा, तिसरीचे पैसे वेगळे. एमपीफोर फाइल द्यायची. मूळ फाइल हवी असेल तर तिची किंमत स्वतंत्र. आणि कोटेशनमध्ये ‘अ‍ॅनिमेशन’च्या वर ‘अक्षररचना’ असा वेगळा रकाना ठेवून त्यात तास आणि रक्कम भरा. त्या कामाला पैसे पडतात हे पैसे देणाऱ्याला कागदावर दिसलं पाहिजे.