रंगीत सांडपाणी आणि सूक्ष्म कण

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, आणि माग यांचा संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं याच शहरांत सुधारलेला हातमाग तयार केला. मागाबरोबर सूत येतें, सुताबरोबर रंग येतो, आणि रंगाबरोबर रंगाऱ्याच्या हौदांतून बाहेर पडणारें पाणीही येतें. सोलापूर, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या शहरांत या पाण्याचें काय करावें, हा आज मोठा प्रश्न आहे.

पूर्वीं नीळ, मंजिष्ठा अशा वनस्पतींपासून रंग काढीत. १८५६ सालीं विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण क्विनाइन बनविण्याची खटपट करीत असतां त्याच्या हातीं जांभळा रंग लागला, व कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. हिंवतापाचें औषध राहिलें बाजूलाच!

चांगल्या रंगाची परीक्षा कोणती? तो धुतल्यानें जाऊं नये व उन्हानें विटूं नये. गृहिणीला हवे असणारे हेच गुण नदीला मारक होतात. कारण जो रंग ऊन व साबण यांना दाद देत नाहीं, तो पाण्यांतील जंतूंसही सहसा पचत नाहीं. शिवाय रंगीत पाण्यांत सूर्यप्रकाश खोल जात नाहीं, त्यामुळें जलवनस्पतींची वाढ खुंटते.

येथें सूक्ष्म कणांचें साह्य होतें. मीटरचे शंभर कोटी भाग केले असतां त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. विद्यार्थिमित्रांनो, १ सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा सर्व पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर भरेल. त्याचेच १ नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर पदार्थ तितकाच राहून पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारें दीड एकर होईल! रंगाचे रेणु पृष्ठभागालाच चिकटतात, म्हणून चिमूटभर पूड पुष्कळ काम करते. लोहाच्या ऑक्साइडाचे असे कण तर नंतर लोहचुंबकानें ओढून काढतां येतात.

हें तत्त्व घरींही पाहतां येईल. दोन पेले पाण्यांत शाईचे सारखे थेंब टाका. एकांत लांकडी कोळशाचा खडा, दुसऱ्यांत तितक्याच वजनाची वस्त्रगाळ पूड घाला, आणि ढवळून टीपकागदांतून गाळा. पुडीच्या पेल्यांतील रंग अधिक उतरलेला दिसेल.

परंतु तो रंग नाहींसा झाला काय? नाहीं, तो पाण्यांतून कोळशांत गेला इतकेंच. ती पूड ओढ्याकांठीं फेंकली तर श्रम फुकट. याकरितां रेणु तोडणारा दुसरा मार्ग आहे. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीवर अतिनील किरण पडले म्हणजे ती रंगाचा रेणु फोडते. १९७२ सालीं फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनीं हिच्याच साह्यानें प्रकाशांत पाण्याचें विघटन करून दाखविल्यावर तिच्याकडे जगाचें लक्ष वेधलें. अडचण अशी कीं, सूर्यप्रकाशांत अतिनील किरण शेंकडा पांचच्या आसपास असतात, व गडद पाण्यांत तेही आंत शिरत नाहींत. पेल्यांत साधलेलें हौदांत साधणें म्हणूनच कठीण.

आणखी एक गोष्ट शेतकरी पालकांनीं ध्यानांत ठेवावी. सुती कापडावर रंग बसविण्यास मीठ पुष्कळ घालतात. या कणांनीं रंग गेला तरी विरघळलेलें मीठ जात नाहीं. पाणी कितीही नितळ दिसलें तरी तें उंसाला दिल्यास जमीन खारवट होते.