चाकणला रुजू होणाऱ्या पुतणीसाठी

पोरी, चाकणच्या कारखान्यात सप्लाय चेनचं काम अंगावर घेतलंस, फार बरं वाटलं. आता डबा तसाच ठेवून फोन कानाला लावून बसशील, हे मला इथून दिसतंय. म्हणून डबा उघडायच्या आधी एवढं वाच.

१. व्हेंडरकडे गेलीस की चहा नंतर घे, आधी शॉपफ्लोअरवर जा. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट तो कुठून करून आणतो ते विचार — भोसरीतले तुझे तिन्ही व्हेंडर एकाच भट्टीवर माल पाठवत असतील, तर ती भट्टी बंद पडली की तिघेही बंद. दारं तीन, चूल एक.

२. किमतीवरून पार्टचं महत्त्व ठरवू नकोस. जो एकाच देशातून येतो त्याची यादी वेगळी ठेव आणि दर सोमवारी बघ — एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांना निर्यात परवाना लावला, आणि त्या उन्हाळ्यानंतर आपल्या बजाजला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. चुंबक मुठीत मावेल एवढं, पण त्याच्याशिवाय मोटर फिरत नाही.

३. समुद्राचे दिवस कॅटलॉगवरून धरू नकोस, फॉरवर्डरला दर आठवड्याला विचार — मार्च २०२१मध्ये एव्हर गिव्हन हे एकच जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं राहिलं. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-चौदा दिवस तिथेच गेले.

४. बुधवारी दुपारी स्टॉक बघून घे — गुरुवारी भोसरीतली बरीच वर्कशॉपं बंद असतात.

५. न्हावा-शेव्याची गेट-इनची वेळ आधी बघ, मग ट्रक बोलव — तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी शिफ्ट सुटली की गाडी जागची हलत नाही, आणि पुढे घाट आहेच.

६. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का आहे का, गंजरोधक पिशवी नीट बंद आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ — माल उत्तम असूनही शिक्क्यावाचून परदेशातल्या बंदरात अडकतो, आणि कंटेनरच्या आत घाम धरला की मशीन केलेला पार्ट तांबडा होतो.

७. शेड्यूल फुगवून देऊ नकोस — तुझ्या आकड्यावर लहान व्हेंडर पोलाद उचलतो, कर्ज काढतो. पुढच्या महिन्यात तू आकडा खाली आणलास, तर तो माल त्याच्या अंगावर पडतो आणि तुझ्या शब्दाची किंमत जाते.

८. लहान उद्योगाचं बिल कायद्याने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचं असतं. तू ते आधीच काढायला लाव, त्यासाठी अकाउंट्समध्ये चकरा माराव्या लागल्या तरी मार — वेळेवर पैसे मिळालेला माणूस तुझ्या अडचणीत रात्रपाळी लावतो.

९. गेटवर ड्रायव्हरला सावली, पाणी आणि संडास मिळतो का, ते उन्हाळ्यात एकदा स्वतः जाऊन बघ — ज्या गेटवर माणसाला तिष्ठत ठेवतात तिथे गाडी घालायला ट्रान्सपोर्टर नाखूश असतो.

१०. वाईट बातमी लवकर सांग, आणि सांगणाऱ्यावर कधीच ओरडू नकोस. माझ्या लेखी पुढारीपण हेच — लवकर सांगितलेलं भागवता येतं, दडवलेलं भोगावं लागतं. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमध्ये करियाला टोयोटाच्या आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्यात आग लागली आणि टोयोटाला ब्रेकचे व्हॉल्व्ह मिळेनात. अडचण उघड सांगितली गेली, ड्रॉइंग वाटली गेली, आणि इतर पुरवठादारांनी आपापल्या मशिनींवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. ती मदत करारात लिहिलेली नव्हती, वर्षानुवर्षं नीट वागवल्यामुळे मिळाली.

दिवाळीला येशील तेव्हा पहिल्या मुद्द्यात विचारायला सांगितलं त्याची यादी करून घेऊन ये: कोणाचा माल कोणाच्या भट्टीतून जातो, ते नावानिशी. आपण दोघं फराळाला बसून ती बघू.