आधी फिल्म, मग स्कॅनर

घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं ठरलं, की पहिली चौकशी होते ती स्कॅनर कोणता घ्यावा याची. मला कुणी विचारलं तर मी आधी फिल्मकडे बघायला सांगतो. स्कॅन बिघडला तर पुन्हा काढता येतो. फिल्मवर ओरखडा उठला तर तो कायमचा. म्हणून काळजी तिथं खर्च करावी, आणि संगणकावरचं काम थोडं सैल हातानं केलं तरी चालतं.

आमच्याकडचा साठा दोन तऱ्हेचा. वडिलांच्या आगफा क्लिक-थ्रीवर काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह १२० फिल्मच्या, रोलमागे बारा चौकोनी फोटो. त्यातले काही रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे, 'इंदू' छापाचे. नंतरचे सगळे ३५ मिलिमीटरचे रंगीत रोल, नारिंगी झाक असलेले. दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, आणि बुरशीला जिलेटिन फार आवडतं. आमच्या काही पट्ट्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अशा पट्ट्या ओढून सुट्या करायच्या नाहीत, चित्रच सोलून निघतं. त्या बाजूला ठेवाव्यात आणि जाणकाराला दाखवाव्यात. बाकीच्यांवरची धूळ रबरी ब्लोअरनं उडवावी, फार तर लेन्सच्या मऊ ब्रशनं झटकावी. तोंडानं फुंकर घातली की थुंकीचे बारीक थेंब उडतात. जुन्या धोतराचा मऊ तुकडा चष्म्याला ठीक, इथं त्यानं धूळ फिल्मवर घासली जाते. पाणी लावू नये आणि औषधाच्या दुकानातलं स्पिरिटही नको, त्यातही पाणी असतं. पट्टी नेहमी कडेनं धरावी. बोटाचा ठसा आज दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो.

वाकलेल्या पट्ट्या कागदी पाकिटात घालून जाड पुस्तकांखाली काही दिवस दाबून ठेवाव्यात. पट्टीचं पोट काचेला टेकलं तर फोटोत इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात आणि ती पुसणं जवळजवळ अशक्य असतं.

आता स्कॅनर. कागद स्कॅन करणारा साधा फ्लॅटबेड वस्तूवरून परतलेला उजेड टिपतो, निगेटिव्हला मात्र आरपार जाणारा उजेड लागतो. म्हणून झाकणातही दिवा असलेलं मॉडेल हवं. त्या दिव्यापुढे कागदासाठीची पांढरी पाटी असते, ती सरकवून काढायची. ती तशीच ठेवून मशीन बिघडलं म्हणणारे मला भेटले आहेत. पट्टी अडकवायच्या चौकटीला एका टोकाला मोकळी खाच असते. तिथून स्कॅनर आपल्या उजेडाचं माप घेतो. खाचेवर पट्टी सरकली किंवा कचरा बसला, तर रेघ सगळ्या फोटोंतून आरपार जाते.

खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असतं. त्या आकड्यावर ३५ मिलिमीटरच्या एका फोटोचे सुमारे साडेपाच कोटी पिक्सेल होतात आणि ४८ बिटची टिफ फाइल ३३० एमबीच्या आसपास जाते. पण घरगुती फ्लॅटबेडच्या भिंगाला एवढं बारीक दिसतच नाही. खरा तपशील साधारण १५०० ते २३०० डीपीआयच्या घरात संपतो, पुढे नुसती फाइल फुगते. मी २४०० ठेवतो. त्यात ७७ लाखांच्या आसपास पिक्सेल मिळतात, ८ बाय १२ इंची प्रिंटला तेवढे पुरतात. क्लिक-थ्रीची चौकोनी निगेटिव्ह मोठी असल्यानं तिथं तर २४०० चैनीचे वाटतात. एखाद्या फोटोला याहून जास्त हवं असेल, तर तो एकच फोटो चांगल्या लॅबमधून करून घ्यावा.

धूळ आपोआप काढणाऱ्या 'डिजिटल आइस'बद्दल नीट समजून घ्या. तो अवरक्त किरण वापरतो. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून हे किरण पार जातात, धूळ मात्र त्यांना अडवते, म्हणून धूळ कुठं आहे ते कळतं. कृष्णधवल फिल्ममधलं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदीही किरण अडवते. मग सॉफ्टवेअर चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. तेव्हा रंगीतला आइस चालू, कृष्णधवलला बंद, आणि तिथले ठिपके हातानं काढायचे. ब्लोअरवर घालवलेला वेळ इथं वसूल होतो.

शार्पनिंग बंद ठेवावं, ते नंतर करता येतं. रंगीतला ४८ बिट, कृष्णधवलला १६ बिट ग्रे. हिस्टोग्राम दोन्ही टोकांना कापला जात नाही ना, एवढं पाहावं. फोटो आपोआप ओळखून कापण्याची सोय असते, पण वरातीचे रात्रीचे अंधारे फोटो तिला सापडत नाहीत किंवा ती कडा खाते. तिथं चौकट हातानं आखावी. स्कॅन उलटा आला का हे ओळखायला घरच्या बायकांचे पदर बघावेत. एरवी डाव्या खांद्यावर असणारा पदर सगळ्यांच्याच उजव्या खांद्यावर दिसला, तर पट्टी पालथी बसली आहे.

फाइलच्या नावात वर्ष, रोल आणि फिल्मच्या कडेला छापलेला फोटोचा नंबर घालावा. मूळ टिफ दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, नातेवाइकांच्या ग्रुपवर जेपेग पाठवावी. आणि स्कॅन झाला म्हणून निगेटिव्ह भंगारात देऊ नये. उद्या याहून चांगला स्कॅनर येईल तेव्हा त्याला मूळ फिल्मच लागणार आहे.

सुरुवात कुठून करावी? हात बसवायला एखादी हललेल्या फोटोंची, कुणालाच नको असलेली पट्टी घ्यावी. त्यानंतर डबे उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजायला लागला आहे. ही कूज थांबत नाही आणि तिची वाफ शेजारच्या रोलनाही लागते. असा डबा वेगळा काढावा आणि सगळ्यात आधी तोच स्कॅन करावा, मग त्यात लग्नाचे फोटो असोत वा सहलीचे. लाडके अल्बम थोडे थांबू शकतात.