मातीचा नालाबांध : सांडवा हाच त्याचा प्राण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे 700 मिलिमीटर आहे. परंतु हा पाऊस बेताने पडत नाही. दोन-तीन तासांच्या जोरदार सरीने डोंगरउतारावरील नाल्यांना लोंढा येतो आणि काठची सुपीक माती वाहून जाते. हा लोंढा अडवून त्याचा वेग कमी करणे, हा मातीच्या लहान बांधाचा एक प्रमुख हेतू होय.

बांध कितीही चांगला असला, तरी तो सर्व पाणी साठवू शकत नाही. समजा, 100 हेक्टर पाणलोटावर 50 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे 50,000 घनमीटर पाणी पडले. त्यातील निम्मे जिरले, तरी 25,000 घनमीटर नाल्यास येईल. बांधाची साठवण 10,000 घनमीटर असेल, तर उरलेले 15,000 घनमीटर सांडव्यावाटेच गेले पाहिजे. बांध अगोदरच भरलेला असल्यास सर्वच पाणी सांडव्यावर येईल.

अधिक पाणी साठावे या लोभाने काही ठिकाणी सांडव्यात माती भरलेली पोती रचली जातात. हे अत्यंत धोक्याचे आहे. दगडी भिंतीवरून पाणी गेले तरी ती बहुधा टिकते. मातीच्या बांधावरून गेलेले पाणी मात्र त्यास घळ पाडून फोडते. मग खालच्या शेतांवर पहिल्या लोंढ्याहून मोठा लोंढा येतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. 2 जुलै 2019 रोजी चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटून जीवितहानी झाली.

बांध घालताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. काळी माती वाळली की भेगाळते. म्हणून ती गाभ्यात घालावी व बाहेरून मुरूम द्यावा.

2. गाभ्याखाली पाझर अडविणारा चर खणावा. भराव पातळ थरांनी, ओलावा राखून दाबावा.

3. सांडवा शक्यतो बाजूच्या कठीण जमिनीत काढावा. पुराची पातळी व बांधाचा माथा यांत पुरेसे अंतर ठेवावे.

4. बांधावर झाडे लावू नयेत. मुळे कुजल्यावर पोकळी राहते. हरळी लावावी.

मृगापूर्वी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधाची पाहणी करावी. उंदीर-घुशींची बिळे बुजवावीत. बांधातून गढूळ पाणी झिरपू लागल्यास आतील माती वाहत आहे असे समजावे, खालच्या वस्तीस तत्काळ सावध करावे आणि तांत्रिक अधिकाऱ्यास कळवावे. सांडवा मोकळा असेल, तरच बांध गावाचा रक्षक ठरतो.