हळू बुडणारे वजन घरी कसे करावे?

प्रश्न : वैनगंगेत गळ लांब फेकायला जड शिसे लावले, तर ते लगेच तळाच्या दगडांत अडकते. हलके लावले, तर गळ लांब जात नाही. शिसे घरीच वितळवून मधले वजन करावे का?
– एक वाचक, मार्कंडा

उत्तर : जड वस्तू झटकन बुडतेच, हा समज सोडा. फेक वजनावर ठरते. बुडण्याचा वेग मात्र आकारमानाच्या मानाने वजन किती यावर. शिसे पाण्याच्या 11 पट जड, म्हणून ते दगडासारखे तळ गाठते.

सुक्या लाकडाचा बोटाएवढा तुकडा घ्या. पाणी शोषू नये म्हणून व्हार्निश लावून वाळवा. एका टोकाला लोखंडी तार घट्ट गुंडाळा आणि बादलीत सोडून पाहा. जेमतेम तरंगू लागला की तारेचा आणखी एक वेढा द्या. तो सावकाश बुडेल. फेक कमी पडली, तर तुकडा मोठा घेऊन तार वाढवा.

शिसे घरात वितळवू नका. त्याची वाफ आणि धूळ विषारी असते, मुलांना तर फारच घातक. पाण्याचा थेंब पडला तरी तप्त शिसे उसळते. महाशिवरात्रीच्या यात्रेत घाटाजवळ गळ फेकू नका आणि तुटलेली तंगूस नदीत सोडू नका. तिच्यात पक्षी आणि कासवे अडकतात.