आपत्तीचे इंग्रजी : एक पाठ

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हवामानावर चार वाक्ये बोलावयास सांगावीत, तर तो बहुधा ‘टुडे इज अ सनी डे’ एवढे म्हणून थांबतो. हा दोष त्याचा नव्हे. प्राथमिक पुस्तकांतील हवामान नेहमी सौम्य असते. तेथे ऊन कोवळे पडते आणि पाऊस छत्रीपुरता येतो. आपल्या देशात मात्र महापूर, अवर्षण, चक्रीवादळ, भूकंप आणि उष्णतेची लाट यांपैकी काही ना काही दरवर्षी कोठे तरी घडतच असते. अशा प्रसंगी जी भाषा लागते तिचा पाठ वर्गात कसा द्यावा व विद्यार्थ्यांनी तो कसा घ्यावा, याविषयी आमच्या अध्यापनातून जे विचार सुचले ते येथे मांडीत आहोत.

कोणी विचारील की, संकटात माणूस आपल्या मातृभाषेतच हाक मारणार. तेथे इंग्रजीचे काय प्रयोजन? परंतु कृष्णपुऱ्यात वाढलेला विद्यार्थी पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी चेन्नईस जातो. तेथे 2015 सालच्या डिसेंबरात जो महापूर आला, तशा वेळी शेजाऱ्याशी आणि मदतीस आलेल्या जवानाशी तो कोणत्या भाषेत बोलणार? मराठी तेथे चालणार नाही, हिंदी चालेलच असे नाही. पाणी कोठवर चढले आहे, आत माणसे किती आहेत, त्यांत आजारी कोण आहे, ही तीन वाक्ये त्याला इंग्रजीत निर्दोष सांगता आली पाहिजेत.

पाठाचा आरंभ मातृभाषेतूनच करावा, असे आमचे मत आहे. आमची मातृभाषा कोंकणी; तीत पुराला ‘हुंवार’ म्हणतात. मराठीत पूर, महापूर, अतिवृष्टी, ढगफुटी, वावटळ, गारपीट असे शब्द आहेत. माळव्यातील उन्हाळ्यात ‘लू’ हा शब्द प्रत्येक घरी ऐकू येतो. हे शब्द फळ्यावर प्रथम लिहून घ्यावेत. ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याला तिचे दुसरे नाव शिकविणे सोपे जाते.

नामे पाठ होतात. अडचण पडते ती क्रियापदांची. मराठीत पूर येतो, वीज पडते, दुष्काळही पडतो, आणि भूकंप होतो. विद्यार्थी याच क्रियापदांचे शब्दशः रूपांतर करून ‘लाइटनिंग फेल’ असे लिहितो. इंग्रजीत वीज पडत नाही, ती प्रहार करते : ‘लाइटनिंग स्ट्रक द ट्री’. नदीला पूर आला हे ‘द रिव्हर फ्लडेड’ एवढ्यात सांगता येते. पावसाच्या बाबतीत तर कर्ताच बदलतो. आपला पाऊस स्वतः पडतो. इंग्रजीत ‘इट इज रेनिंग’ म्हणताना ‘इट’ म्हणजे कोण, हे विचारावयाचे नसते. म्हणून नाम आणि त्याचे क्रियापद यांची जोडी एकत्रच पाठ करावी.

काही ठिकाणी आपल्या एका शब्दास इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि त्या दोहोंत मोठे अंतर आहे. ‘दुष्काळ’ हाच शब्द पाहा. पाऊस न पडणे हा ‘ड्राउट’; अन्नावाचून माणसे मरू लागणे हा ‘फेमिन’. इंदूरच्या जुन्या घरांतून ज्याला ‘छप्पनिया’ म्हणत, तो विक्रम संवत 1956 मधील, म्हणजे इसवी सन 1899–1900 मधील काळ ‘फेमिन’ होता. महाराष्ट्रात 1972 साली पावसाने दगा दिला, पिके बुडाली, हालही फार झाले. तथापि सरकारी दुष्काळी कामांवर लाखो लोकांना मजुरी मिळाली आणि भूकबळींचे मोठे संकट टळले. त्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. तो ‘ड्राउट’ होता. त्याचे ‘फेमिन’ होऊ दिले गेले नाही. शब्दाची निवड चुकली तर येथे इतिहासच चुकतो.

याच्या उलट, दोन शब्द दिसण्यात जवळचे आणि अर्थाने अगदी वेगळे, असेही घडते. ‘लँडफॉल’ हा शब्द वाचून विद्यार्थी दरड कोसळली असे समजतो. वस्तुतः चक्रीवादळ समुद्रावरून येऊन किनाऱ्यावर धडकणे याला ‘लँडफॉल’ म्हणतात. ‘निसर्ग’ चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर ‘लँडफॉल’ केला. दरड कोसळणे म्हणजे ‘लँडस्लाइड’. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, ती ‘लँडस्लाइड’. एका सूचनेत वाऱ्यापासून जपावयाचे असते, दुसरीत डोंगराच्या पायथ्यापासून दूर जावयाचे असते.

आता स्थळ आणि परिमाण यांकडे वळू. ‘देअर वॉज हेवी रेन इन मुंबई’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण त्यातून कळते काय? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इंदूर येथे साधारणतः अवघ्या पावसाळ्यात पडतो, जवळजवळ तेवढा पाऊस त्या एका दिवसात पडला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाबा येथे मात्र नोंद होती सुमारे 73 मिलिमीटर. म्हणून कोठे, केव्हा आणि किती, या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यात आलीच पाहिजेत.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी पत्रकांत विशेषणेही मोजूनमापून वापरलेली असतात. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘हेवी’, 115.6 पासून ‘व्हेरी हेवी’ आणि 204.5 पासून ‘एक्स्ट्रीमली हेवी’. निबंधात ‘व्हेरी’ हा शब्द आपण शोभेसाठी घालतो. पत्रकात त्याला संख्येचे वजन आहे. तसेच ‘आयसोलेटेड’ म्हणजे तुरळक ठिकाणी आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे बहुतेक सर्वत्र.

काळांचा अभ्यास या विषयात जितका उपयोगी पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल. ‘द रिव्हर रोझ’ हा इतिहास झाला. ‘द रिव्हर हॅज रिझन’ म्हणजे पाणी चढले आहे आणि त्याचा परिणाम आता समोर आहे. ‘द रिव्हर इज रायझिंग’ म्हणजे ते या क्षणी चढत आहे, ऐकणाऱ्याने उठावे! घटनांचा क्रम सांगण्यासाठी पूर्ण भूतकाळ हवा. पुण्याच्या 12 जुलै 1961 च्या प्रलयात आधी पानशेतचे धरण फुटले, मग खडकवासल्याचे धरण गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ‘द पानशेत डॅम हॅड ऑलरेडी बर्स्ट व्हेन द खडकवासला डॅम गेव्ह वे’ या एका वाक्यात तो क्रम स्पष्ट होतो. कोष्टकातील रूप घोकण्यापेक्षा असे वाक्य अधिक काळ लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

यानंतर संभव आणि आज्ञा. ‘मे’ म्हणजे होऊ शकेल, ‘लाइकली’ म्हणजे होण्याचा बराच संभव आहे, ‘विल’ म्हणजे होणार. ‘शुड’ हा सल्ला आणि ‘मस्ट’ हा निर्बंध. हवामान विभागाचे चार रंगही याच पाठात शिकवावेत. हिरवा, म्हणजे इशारा नाही. पिवळा, म्हणजे माहिती घेत राहा. नारिंगी, म्हणजे सज्ज राहा. लाल, म्हणजे कृती करा. पिवळ्या रंगास भिऊन घाबरगुंडी उडविणे आणि लाल रंगास पिवळा समजून स्वस्थ बसणे, दोन्ही घातकच.

माणसांविषयी बोलताना तर शब्द अधिकच जपून वापरावा. ‘मिसिंग’ म्हणजे बेपत्ता. तो ‘डेड’ नव्हे. एखाद्या घरी अजून वाट पाहणे चालू असते, आणि आपण घाईने दुसरा शब्द उच्चारून ती आशा मोडतो. ‘इंजर्ड’ म्हणजे जखमी, आणि ‘सर्व्हायव्हर’ म्हणजे आपत्तीतून वाचलेला. ऐकीव गोष्ट सांगावयाचीच असेल तर ‘आय हर्ड दॅट’ असे म्हणून सांगावी, पाहिल्यासारखी सांगू नये. एवढ्या तीन शब्दांनी पुष्कळ अफवांना आळा बसेल.

कारणही असेच नेमके सांगावे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ‘द अर्थक्वेक किल्ड देम’ असे म्हणता येते. परंतु दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली म्हणून हानी एवढी झाली. ‘दे डाइड बिकॉज द वॉल्स फेल ऑन देम’ हे वाक्य अधिक खरे आहे, आणि पुढे घर कसे बांधावे याचा विचारही त्यातूनच निघतो. मराठीने ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हे शब्द जोडीने वापरले, त्यात हीच जाण आहे : आकाशातून येते ते किती आणि माणसाच्या व्यवस्थेतून येते ते किती, हे वेगळे करून पाहावे.

एक शब्द किती करू शकतो याचे उदाहरण सुमात्राजवळच्या सिमेउलू बेटावर सापडते. तेथे 1907 साली समुद्राची प्रचंड लाट आली होती. त्या लाटेस बेटावरील लोक ‘स्मोंग’ म्हणत, आणि धरणी जोराने हादरून समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळावे, हे आजी-आजोबा मुलांना सांगत आले. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा ‘स्मोंग’ अशी आरोळी ठोकीत ते टेकड्यांवर गेले. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

विद्यार्थीमित्रहो, या सुट्टीसाठी एक अभ्यास देत आहोत. आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यांनी पाहिलेला एखादा पूर, दुष्काळ, भूकंप वा वादळ यांची हकीकत विचारा. प्रथम ती त्यांच्याच शब्दांत मराठीत उतरवून घ्या. मग तिची पाच इंग्रजी वाक्ये करा : केव्हा घडले, कोठे घडले, किती झाले, माणसांचे काय झाले, आणि पुन्हा तसे घडल्यास काय करावे. शेवटचे वाक्य ‘वुई मस्ट’ या शब्दांनी सुरू करा. ती पाच वाक्ये घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचा, आणि ज्यांनी हकीकत सांगितली त्यांना मराठीत अर्थ सांगून विचारा की, आजी, आजोबा, बरोबर उतरले ना? त्यांनी काही दुरुस्ती सुचविली तर वही पुन्हा उघडा. शाळा सुरू होताच त्या वह्या आम्ही पाहू.